महिनाभराची गाडी

आखातातून सुट्टीवर आलेला माणूस मी बरोबर ओळखतो. अत्तर, नवं घड्याळ, कडक इस्त्रीचा शर्ट ही लक्षणं कोणालाही दिसतात. माझी खूण वेगळी आहे. मी गाडीची किल्ली त्याच्या हातात देतो आणि गप्प उभा राहतो. तो ऐटीत जातो, डावीकडचं दार उघडतो, आत बसतो, आणि समोर स्टिअरिंग नाही हे पाहून तसाच बसून राहतो. तिकडे सगळं उलटं, चालवणारा डावीकडे बसतो. वर्षानुवर्षांची सवय एका विमानप्रवासात जात नाही. मग तो पुढचा कप्पा उघडून काहीतरी शोधल्याचं नाटक करतो. मी स्वतः सतरा वर्षं दम्मामला ट्रेलर चालवला. पहिल्या सुट्टीत मेहुण्याच्या जीपमध्ये मी असाच डावीकडून चढलो होतो, आणि सासुरवाडीची झाडून सगळी मंडळी अंगणात उभी होती. त्यामुळे मी कोणाला हसत नाही. हसलोच तर मनातल्या मनात.

आमच्या वळांचेरी गावच्या बस स्टँडमागे माझ्या चार गाड्या उभ्या असतात. काळ्या पाट्या, पिवळे आकडे. भाड्याची गाडी आहे हे लांबूनच कळतं, तरी लोक घेतात. महिन्याभराची सुट्टी, त्यात दोन लग्नं, एक घरभरणी, सगळ्या मावश्या आणि आत्यांची घरं. हे सगळं बसने करायचं म्हटलं तर सुट्टी स्टँडवरच संपेल. आणि ज्याने तिकडे उन्हात वर्षं काढली त्याला चार दिवस आपल्या माणसांना गार हवेत बसवून हिंडवावंसं वाटलं तर त्यात काय चुकलं? फक्त गाड्या माझ्या आहेत, आणि त्यांच्या बाबतीत मी खवट म्हातारा आहे. कोणी दार आपटलं की मला कानाखाली बसल्यासारखं वाटतं.

एप्रिलमध्ये शाळांना सुट्टी लागली त्या आठवड्यात नौफल आला. छत्तिशीचा, सडपातळ, बोलणं इतकं हळू की मला दोनदा विचारावं लागे. मशिदीमागच्या गल्लीत त्याचं घर. अकरा वर्षं शारजात एका लाँड्रीची व्हॅन चालवतो हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. व्हॅनच्या स्टिअरिंगवर हात ठेवलेला त्याचा फोटो त्याच्या घरात, टीव्हीच्या वर, चौकटीत लावलेला होता. त्याला पांढरी स्विफ्ट महिनाभर हवी होती. वायनाडला जायचंय म्हणाला. मुलीला, फिदाला, कबूल केलंय की तामरश्शेरीचा घाट मी स्वतः गाडी चालवत चढवीन.

मी किल्ली दिली आणि नेहमीसारखा उभा राहिलो. नौफल सरळ उजव्या दाराशी गेला आणि आत बसला.

मी म्हटलं, असेल बुवा, एखादा सावध माणूस असतो. पण मग गंमत झाली. गाडी भिंतीला तोंड करून उभी होती, दोन्ही बाजूंना दुसऱ्या गाड्या. नौफलने ती मागे घेतली ती अशी की मी पाहतच राहिलो. एका दमात, वळण घेत, कुठे वीतभरही न चुकता. इतकी सुंदर मागे घेतलेली गाडी मी दम्मामच्या बंदरातही पाहिली नव्हती. नंतर त्याने पहिला गिअर टाकला. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा उडी. तिसऱ्या वेळी गाडी फाटकापर्यंत गेली. बाहेर कोळिकोडची खासगी बस भोंगा वाजवत आली तसे नौफलने दोन्ही पाय दाबले आणि डोळे मिटून घेतले.

मी जाऊन काचेवर टकटक केली आणि किल्ली मागितली. तो उतरला. मी त्याला शेडमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं की खरं काय ते सांगणार आहेस की मी पंचायत बोलावू.

त्याने सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी लायसन्स काढलं होतं. आमच्याकडे मैदानात खांब रोवून इंग्रजी एच अक्षरासारखी वाट करतात, त्यातून गाडी पुढे आणि मागे न्यायची, हीच खरी परीक्षा. त्याने तीन महिने फक्त एचच गिरवला. पुढे शारजाला ड्रायव्हर म्हणून गेला. तिकडचं लायसन्स मिळेपर्यंत मालकाने त्याला इस्त्रीच्या टेबलावर उभं केलं. घरी फोनवर त्याने सांगितलं की गाडी चालवतोय. पुढच्या महिन्यात पास होणारच आहे, मग आत्ताच कशाला उम्माला, म्हणजे आईला, काळजी, असा हिशेब. पुढच्या महिन्यात नापास झाला. शेजारी परीक्षा घेणारा पोलीस बसला की त्याचे पाय लाकडाचे व्हायचे. असं आठ वेळा झालं. नवव्यांदा तो गेलाच नाही.

"म्हणजे अकरा वर्षं तू इस्त्री करतोस," मी म्हटलं.

"अकरा वर्षं."

"आणि तो टीव्हीवरचा फोटो?"

"व्हॅन उभी होती, इक्का. किल्लीसुद्धा नव्हती."

आमच्याकडे वडीलधाऱ्याला इक्का म्हणतात, म्हणून मला तसं म्हणण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हतं, पण त्या दिवशी तो शब्द त्याने असा काही उच्चारला की मी विरघळलो. मागच्या सुट्ट्यांत त्याने गुडघा दुखतो, पेट्रोल मिळत नाही अशी कारणं काढून दुसऱ्याच्या जीपमधून वेळ मारून नेली होती. पण यंदा फिदा नऊ वर्षांची झाली होती आणि वर्गात सांगून बसली होती. त्याने माझा हात धरला. मला पंधरा दिवसांत गाडी शिकवा म्हणाला, आणि जसीलाला यातलं काही कळू देऊ नका.

आता माझी खरी अडचण सुरू झाली. जसीला म्हणजे त्याची बायको. आणि जसीला गेले चार महिने त्याच पांढऱ्या स्विफ्टवर माझ्याकडे हात साफ करत होती.

तिने जानेवारीत लायसन्स काढलं. रोज सकाळी मुलीला शाळेत सोडलं की यायची, तासभर गाडी मागायची. आधी मी शेजारी बसायचो, एक पाय हवेतल्या ब्रेकवर. महिन्याभरात तो पाय खाली आला. पुलावरची गर्दी, चढावर थांबून पुन्हा सुटणं, ट्रक मागून अंगावर आला तरी न गडबडणं, सगळं तिला जमायचं. माझ्या निम्म्याअधिक गिऱ्हाइकांपेक्षा ती बरी चालवते, आणि हे मी कोणाला उगाच म्हणत नाही. तिनेही मला शपथ घातली होती. नौफलला सांगायचं नाही. दर वेळी सुट्टी संपली की जीप येते, तो बसून जातो, आणि ती फाटकाशी उभी राहते. यंदा त्याला करिपूरच्या विमानतळावर ती स्वतः सोडणार होती. शेवटच्या दिवशी किल्ली हातात घेऊन समोर उभी राहीन म्हणाली, तेव्हा त्यांचा चेहरा मला बघायचाय.

तेव्हा मला ती गोष्ट फार आवडली होती. आता नवऱ्याचंही गुपित माझ्याच पोटात, बायकोचंही. माझी बायको कदीजा म्हणते की माझ्या पोटात पाण्याचा घोट राहणार नाही. तिला मी एवढंच सांगितलं की मला काही दिवस अपचन झालंय.

पहाटेच्या नमाजानंतर नौफल मशिदीतून परस्पर यायचा. घरी संशय नको म्हणून स्विफ्ट मी स्वतः त्याच्या दारात नेऊन लावली होती, आणि शिकायला माझी दुसरी गाडी घेऊन आम्ही कुट्टिप्पुरमच्या पुलाखालच्या, नदीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर जायचो. एप्रिलमध्ये आमच्या नदीत पाणी कमी आणि वाळू जास्त असते. त्या वेळेला तिथे एक-दोन गुराखी आणि मासे घेऊन निघालेला एखादा स्कूटरवाला, बाकी शुकशुकाट. त्या रस्त्यावर नौफल छान चालवू लागला. गिअर बदलताना हळूच ओठ हलवायचा. चौथ्या दिवशी मी त्याची स्तुतीही केली, जी मी करत नाही. तो खूश होऊन मला मागे घेऊन दाखवू का म्हणाला. मी म्हटलं, ते राहू दे, घाटात लोक तोंड पुढे करून जातात.

पण समोरून मोठी गाडी आली की संपलं. हात आखडायचे, मान खांद्यात जायची, आणि तो रस्त्याच्या मधोमध थांबायचा. मी ओरडून पाहिलं, गोड बोलून पाहिलं. एकदा मी त्याला स्टँडच्या कोपऱ्यावर तासभर नुसता बसवला आणि बसेस बघ म्हटलं, त्या कोणाला खात नाहीत. तो बघत बसला, आणि परत आल्यावर म्हणाला की आता जास्त भीती वाटते.

चौदाव्या दिवशी मी त्याला स्पष्ट सांगितलं की गाडी घेऊन मुलीला घाटात न्यायचं नाही. तो रागावला नाही. त्याने बाहीची बटणं सोडून हात गुडघ्यांवर ठेवले तेव्हा मनगटापासून कोपरापर्यंत वाफेने भाजल्याचे जुने, नवे, तांबूस, पांढरे डाग मला दिसले. अकरा वर्षांत तो घरी पाच वेळा आला होता आणि एप्रिलच्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचेच शर्ट घालत आला होता.

"सांगून टाक," मी म्हटलं. "इस्त्री करणं म्हणजे चोरी आहे का?"

"इस्त्रीची लाज नाही, इक्का. पहिल्याच वर्षी सांगितलं असतं तर काही नव्हतं. आता मी अकरा वर्षं खोटं बोललेला माणूस आहे. ती म्हणेल, बाकीचं तरी खरं कशावरून."

मी त्याला काच पुसायला लावली.

त्याच दुपारी जसीला आली. गाडी बरी आहे ना, हे विचारायचं निमित्त. बसली, पदराशी चाळा करत राहिली, आणि मग तिने विचारलं की त्यांच्या डोळ्यांना काही झालंय का, तुम्हाला माहीत आहे का? गाडी दारात उभी राहते आणि ते ऑटो बोलावतात. पहाटे मशिदीत जातात ते दीड तासाने परततात, शर्ट घामाने भिजलेला असतो. तिला वाटत होतं की त्याला दिसेनासं होतंय आणि तो कोणत्या तरी वैद्याकडे चोरून जातोय. 

शब्द माझ्या दातांपर्यंत आला होता. मी तो गिळला आणि म्हटलं, डोळे ठणठणीत आहेत, मोळे, मी खात्रीने सांगतो. मोळे म्हणजे बाळ, पोरी. मुलीच्या वयाच्या कोणालाही मी तसंच म्हणतो. तुम्हाला कसं माहीत, तिने विचारलं. मी म्हटलं, त्याने माझ्या गाडीवरचा केसाएवढा ओरखडा ओळखला. हे खोटं होतं. त्या घराशी आता मीही खोटं बोलायला लागलो होतो.

वायनाडचा दिवस ठरला तसं नौफलने काय करावं? घरी सांगितलं की बीरानिक्काचा आपल्यावर भरवसा नाही, घाटात गाडी न्यायची तर ते स्वतःच चालवणार म्हणून हटून बसलेत. म्हणजे वाईट कोण झाला, मी. सकाळी सहाला मी त्यांच्या दारात गेलो तेव्हा त्याची उम्मा माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी तिच्या मुलाच्या ताटातला घास काढून घेतला. फिदा तर माझ्याशी बोललीच नाही. मी सगळं सोसलं. तांदळाच्या पातळ पत्तिरी आणि कोंबडीचा रस्सा असलेला डबा माझ्या पायाशी ठेवला होता, त्याच्या वासावर मी कोळिकोडपर्यंत तग धरला.

घाटाच्या पायथ्याला अडिवारम नावाचं गाव आहे. सगळे तिथे चहाला थांबतात. इंजिनाला विसावा, आणि घाट लागणाऱ्यांना लिंबू. आम्ही एका टपरीपुढे बसलो. काळा लिंबाचा चहा, केळ्याची भजी. समोर डोंगर हिरवागार उभा होता आणि त्यातून गाड्या मुंग्यांसारख्या वर चढत होत्या. फिदा भजं न खाता बापाजवळ उभी राहिली आणि हळूच म्हणाली की उप्पा, एकच वळण तरी तुम्ही चालवा, मी फोटो काढते, मैत्रिणींना दाखवायला.

नौफलने माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली खिशात आणखी खोल ढकलली. माझ्या डोळ्यांसमोर बस आली, दरी आली. त्याने मागितली असती तर मी नाही म्हटलं असतं, पण तसं म्हणायची ताकद त्या मुलीसमोर माझ्यात होती की नाही, खुदा जाणे.

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"फिदा, मला गाडी चालवता येत नाही," तो म्हणाला. सांगत होता मुलीला, बघत होता जसीलाकडे. "तिकडे मी गाडी चालवत नाही. कधीच चालवली नाही. मी कपड्यांना इस्त्री करतो. आठ वेळा परीक्षा दिली, आठही वेळा नापास झालो. इक्का मला गेले पंधरा दिवस शिकवतायत, तरी येत नाही. त्यांचा काही दोष नाही."

सगळं एका दमात आणि त्याच्या नेहमीच्या आवाजापेक्षा मोठ्याने. टपरीवाल्याने मान वळवून पाहिलं. उम्मा हातात भजं तसंच धरून म्हणाली, "ह्याला सायकल तरी कुठे येत होती."

मला हसू फुटणार होतं, पण जसीलाचा चेहरा पाहिला आणि ते जागच्या जागी मेलं.

"अकरा वर्षं?" तिने विचारलं.

"अकरा वर्षं."

"तिकडे धुकं पडलं की इथे टीव्हीवर दाखवतात. पन्नास-पन्नास गाड्या एकमेकींवर चढलेल्या. तुमचा फोन येईपर्यंत मी पाणी पीत नव्हते. ते कोप्पम गावचं पोरगं तिकडे व्हॅनच्या अपघातात गेलं, तेव्हा तीन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"टेबलावर."

"आत. भिंतीच्या आत."

"हो."

"पहिल्या वर्षी एकदा सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर मी अकरा वर्षं झोपले असते."

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही.  नौफलने लाज, अपमान, बायकोने तोंड फिरवणं, सगळ्याची तयारी केली असावी. पण आपल्या खोट्याने तिची झोप खाल्ली हे त्याच्या गावीही नव्हतं. माझ्याही नव्हतं. मी तर सतरा वर्षं खरोखरच चालवत होतो, आणि घरी फोन करून स्टिअरिंगवर डुलकी लागता लागता कसा वाचलो ते रंगवून सांगायचो. कदीजा पलीकडून फक्त हं हं करायची. मला वाटायचं तिला गोष्ट आवडतेय. त्या टपरीवर बसल्या बसल्या मला माझी भयंकर चीड आली.

जसीलाने ओढणी डोक्यावरून घट्ट घेतली, उठली आणि माझ्यापुढे हात केला. मी किल्ली दिली. नौफल उभा राहिला आणि त्याने विचारलं की तू कुठे चाललीस.

"गाडी चालवायला," ती म्हणाली. "चार महिने झाले लायसन्सला. जायच्या दिवशी तुम्हाला विमानतळावर मीच सोडणार होते. तोपर्यंत सांगायचं नव्हतं. बसा आता."

तो बसला, तिच्या शेजारी. मागे उम्मा, फिदा आणि मी, मांडीवर डबा. फिदाचा फोन हातातच राहिला. कोणाचा फोटो काढायचा हे तिला कळेना, शेवटी तिने आईच्या मानेचा काढला.

पहिली चार वळणं गेली. उम्मा पुटपुटत दुआ म्हणत होती. या घाटात नऊ वळणं, आणि प्रत्येकावर आकडा लिहिलेली पाटी. पाचव्या वळणावर वरून सरकारी बस आली, अशी की तिचं नाक आमच्या काचेशी. जसीला थांबली, बसला जायला जागा दिली, बसवाल्याने हात वर केला, तिनेही केला. नौफलने डोळे मिटले होते. ते त्याने उघडले आणि बायकोकडे पाहिलं.  मी पाठीमागून तिचे खांदे बघत होतो. राग खांद्यात असतो, तिचे अजून ताठ होते. हात मात्र स्टिअरिंगवर सैल होते.

सातव्या वळणानंतर, रस्त्यावरची नजर न काढता, तिने विचारलं, "दिवसाला किती शर्ट होतात?"

त्याला कळायला वेळ लागला. "शर्ट फारसे नसतात," तो म्हणाला. "अरबांचे पांढरे झगे असतात, कंदूरे. दिवसाला दीडशे. ईदच्या आधी तीनशे."

"तीनशे? एकटे?"

"मी आणि एक पेशावरचा म्हातारा. त्याचा एक कान गेलाय वाफेच्या शिट्टीने, त्यामुळे सगळं मलाच ऐकावं लागतं." मग तो म्हणाला की कंदूऱ्याची खरी कसोटी गळ्यापाशी असते. तिथे इस्त्री फिरवायची नाही, नुसती टेकवायची आणि उचलायची. एकेक मालक आपल्या कपड्यावरून बोट फिरवून बघतो. एक म्हातारे शेख आहेत, ते दर शुक्रवारचा कंदूरा दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. त्या मल्याळी पोराला द्या म्हणतात. नाव त्यांना माहीत नाही, पण हात ओळखतात.

"तुमचा?" फिदाने मागून विचारलं.

"माझा."

आठवं वळण गेलं, नववं गेलं. वर लक्किडीला गार वारा आला. जिथून सगळी दरी दिसते तिथे गाड्यांची रांग लागली होती, माकडं कठड्यावर बसली होती. जसीलाने वेग कमी केला, पण थांबली नाही. नौफल सांगत होता. पहाटे चारला भट्टी कशी पेटते, वाफेने खोली कशी भरते की समोरच्याचे फक्त पाय दिसतात, एकदा एका नवरदेवाचा कोट कसा करपला आणि रातोरात त्यांनी दुसरा कसा शिवून आणला. हातांनी हवेत इस्त्री करून दाखवत होता. बाह्या त्याने कधी वर सारल्या मला दिसलं नाही. जसीलाने एकदा, एकदाच, गिअरवरचा हात काढून त्याच्या हातावरच्या एका डागावर ठेवला, आणि परत गिअरवर नेला.

उम्मा माझ्याकडे झुकली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, पण आवाज तक्रारीचाच होता.

"अकरा वर्षं ह्याचा फोन यायचा," ती माझ्या कानात म्हणाली. "उम्मा बरी आहेस ना, पैसे मिळाले ना, ठेवतो. दोन मिनिटं. मला वाटायचं, तिकडे जाऊन माझ्या पोराची वाचाच गेली."

पूकोड तलावाची पाटी आली. तिथे होडीत बसायचं म्हणून फिदाने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. वळण डावीकडे होतं. ते आलं आणि मागे गेलं, आणि मला वाटलं आता पोरगी ओरडणार. पण ती पुढच्या दोन सीटांच्या मधे मान घालून बसली होती.

"मग त्या नवरदेवाला कळलं का, उप्पा?" तिने विचारलं.